नदीचे मूळ, पेशीचे कूळ

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही दोघे आलटूनपालटून 'व्यावहारिक मराठी'ची अभ्यासपत्रिका शिकवतो. जाहिरातलेखन आणि भाषांतर हे तिच्यातले दोन घटक. या अभ्यासपत्रिकेविषयी साहित्याच्या प्राध्यापकांच्या मनात एक सूक्ष्म तुच्छता असते आणि ती आमच्याही मनात होती, हे आधीच कबूल केलेले बरे. पहिल्या तासाला ज्ञानेश्वरी आणि दुसऱ्या तासाला साबणाची जाहिरात, म्हणजे आपण दोन पायऱ्या खाली उतरलो असे वाटत राहते. गेल्या वर्षीच्या एका प्रसंगाने ही तुच्छता आम्हाला महागात पडली.

आमची एक जुनी विद्यार्थिनी आता भाषांतराची कामे घेते. चेहऱ्याला लावायच्या एका सीरमचे इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणण्याचे काम तिच्याकडे आले होते. घटकांच्या यादीत मानवी चरबीतून मिळवलेल्या स्टेम सेलच्या 'कंडिशन्ड मीडिया'चा उल्लेख होता. "मॅडम, याला मराठीत काय म्हणू?" असे तिने फोनवर विचारले. आम्ही पाच मिनिटे खल केला. कंडिशन्ड मीडिया म्हणजे नेमके काय, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि ते शोधावे असेही वाटले नाही. शब्द कानाला गोड लागावा एवढेच पाहिले आणि तिला सुचवले: 'मानवी मूळपेशी-सत्त्व'. ती खूश झाली. आम्हीही झालो.

महिन्याभराने ते छापील पत्रक आमच्यासमोर आले. ग्रंथालयातल्या ताई मुलीच्या लग्नाआधी तिला घेऊन पार्लरमध्ये गेल्या होत्या, तिथे त्यांना ते मिळाले होते. त्यांनी ते पुढे केले आणि अगदी सहज विचारले, "यात मानवी लिहिलंय. कुणाच्या हो या पेशी?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढचे लेखन म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराचा पाठपुरावा आहे.

१

आधी शब्दाकडे पाहू, कारण आमचा अपराध तिथलाच आहे. 'स्टेम सेल' हा शब्द जर्मनमधील 'श्टामत्सेले'वरून आला. एर्न्स्ट हेकेल या जीवशास्त्रज्ञाने तो १८६८ साली वापरला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वंशवृक्ष होता. सर्व सजीवांचा जो एकपेशीय पूर्वज त्याने कल्पिला, त्याला त्याने हे नाव दिले. म्हणजे हा शब्द मुळातच कुळकथेचा आहे. पुढे त्याचा अर्थ आकुंचित झाला आणि नेमकाही झाला: स्वतःसारख्या पेशी निर्माण करणारी आणि प्रसंगी वेगळ्या प्रकारच्या पेशींत रूपांतरित होणारी पेशी. मराठीत तिला कुठे मूलपेशी म्हणतात, कुठे मूळपेशी, तर कुठे स्कंधपेशी.

इंग्रजीतील 'स्टेम' म्हणजे खोड. मराठीत मात्र 'मूळ' शब्द रुळला आणि त्याच्याबरोबर त्याचे सारे गोत आले. मूळपुरुष, मूळपीठ, मूळस्वरूप. जे मूळ ते शुद्ध, ही आपल्या भाषेची जुनी धारणा आहे. त्यावर आम्ही 'सत्त्व' हा शब्द चढवला. गुळवेलीचे सत्त्व असते, माणसाच्या अंगी सत्त्व असते, कसोटीला सत्त्वच लागते. आयुर्वेद, नीती आणि अध्यात्म या तिघांची पुण्याई एका बाटलीला आम्ही फुकट मिळवून दिली.

शिवाय या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हेही आम्हाला नंतर कळले. पहिली वनस्पतीची. स्वित्झर्लंडमध्ये उटविलर श्पेटलाउबर नावाची सफरचंदाची एक जुनी, दुर्मीळ जात आहे. तिची फळे दीर्घकाळ टिकतात. तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा अर्क २००८ साली प्रसाधनांसाठी बाजारात आणला गेला. फळ सुकत नाही, तेव्हा चेहराही सुकणार नाही, ही त्यामागची सूचना. तर्कशास्त्रात याला दृष्टान्त म्हणतील, प्रमाण म्हणणार नाहीत. दुसरी वस्तू म्हणजे ज्यात कसल्याच मूळपेशी नाहीत, पण 'तुमच्या त्वचेतील मूळपेशींना जागे करतो' असे जे सांगते ते मलम. आणि तिसरी, जी ताईंच्या हातात होती ती: माणसाच्या शरीरातून घेतलेल्या पेशींपासूनचा घटक. तिन्हींच्या वेष्टनावर शब्द एकच. वाचणाऱ्याने भेद करावा कशाच्या आधारे?

२

या तिसऱ्या वस्तूत जिवंत पेशी बहुधा नसतात. पोटावरील किंवा मांडीवरील चरबी, प्रसूतीनंतरची नाळ, वार किंवा अस्थिमज्जा यांतून पेशी वेगळ्या काढतात. त्या पोषक द्रवात वाढवतात. वाढताना त्या द्रवात अनेक प्रथिने आणि संकेतवाहक रेणू सोडतात, ज्यांत वृद्धिघटक येतात आणि एक्सोझोम नावाच्या अतिसूक्ष्म पुटिकाही येतात. मग पेशी गाळून टाकतात आणि उरलेला द्रव शुद्ध करून घटक म्हणून विकतात. कंडिशन्ड मीडिया तो हाच. ज्यात पेशी राहून गेल्या असे पाणी, असे त्याचे रांगडे भाषांतर होईल. त्याला सत्त्व म्हणण्याआधी आम्ही एवढे तरी वाचायला हवे होते.

अशा द्रवाच्या सुरक्षिततेचे प्रश्न गूढ नाहीत. दात्याला कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही, सिफिलिस यांची बाधा नव्हती ना, आणि बाधा होऊनही चाचणीत न दिसण्याच्या काळात तर पेशी घेतल्या नाहीत ना? पेशी वाढवताना त्यात मायकोप्लाझ्मासारखे जंतू शिरले का? पोषक द्रवात गाईच्या वासराचे रक्तद्रव्य वापरले होते का, आणि ते कोठून आले? एका खेपेचा द्रव दुसऱ्या खेपेसारखाच आहे का, की दाता बदलला तसा तोही बदलला? आणि वाढीचा संदेश देणारे रेणू वर्षानुवर्षे त्वचेवर लावल्याने, जिथे आधीच काही अनिष्ट वाढ दडलेली आहे तिथे काय घडते? यांतील पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे काटेकोर उत्पादनाने देता येतात. शेवटच्याचे उत्तर दीर्घकाळाच्या अभ्यासाशिवाय मिळत नाही.

इथे एक पेच आहे आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर उत्तम पहारेकरी असतो. सुमारे ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाहीत, असा एक ठोकताळा त्वचाशास्त्रात २००० सालापासून रूढ आहे. बहुचर्चित बाह्यत्वचा-वृद्धिघटक सुमारे ६००० डाल्टनचा आहे. तेव्हा हे रेणू आत जात नसतील, तर त्वचा नव्याने घडवण्याचा दावा पोकळ ठरतो. आणि जात असतील, तर ती वस्तू शरीराच्या रचनेत आणि कार्यात ढवळाढवळ करते, म्हणजे ती प्रसाधन न राहता औषध होते. निरुपद्रवी म्हणावे तर निरुपयोगी आणि उपयोगी म्हणावे तर परीक्षेस पात्र. उत्पादकाला मात्र दोन्हीकडचे हवे असते: औषधाची कीर्ती आणि प्रसाधनाची मोकळीक.

पार्लरमधील सुयांच्या यंत्रांनी हा पेच आणखी तीव्र केला आहे. बारीक सुयांनी त्वचेला असंख्य छिद्रे पाडायची आणि त्यांवर सीरम लावायचे, अशी पद्धत आता सर्रास चालते. पहारेकऱ्यालाच बाजूला केल्यावर 'वरून लावायचे' या शब्दांना अर्थ उरत नाही. अशा उपचारानंतर वरून लावलेल्या द्रव्यांमुळे चेहऱ्यावर गाठी उठल्याची उदाहरणे २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. ती द्रव्ये मूळपेशींची नव्हती, साधी जीवनसत्त्वयुक्त सीरम होती. २०२४ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यू मेक्सिको राज्यातील एका विनापरवाना स्पाविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. तिथे रक्तापासूनच्या द्रवाचे सुयांनी सौंदर्योपचार घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची बाधा झाली होती. तिथेही दोष मूळपेशींचा नव्हता, अस्वच्छतेचा होता. पण मानवी द्रव्य आणि सुई एकत्र आल्या की प्रसाधन हा शब्द किती अपुरा पडतो, ते या दोन्ही प्रसंगांतून दिसते.

३

मग कायदा काय म्हणतो? आम्ही कायद्याचे अभ्यासक नाही, पण व्याख्या वाचण्याची सवय आम्हाला आहे. अमेरिकेचा १९३८ चा कायदा आणि आपला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा यांत प्रसाधनाची व्याख्या जवळजवळ एकच आहे: स्वच्छतेसाठी, सौंदर्यासाठी, आकर्षकता वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी अंगाला लावण्याची वस्तू. त्या दोहोंतील औषधाच्या व्याख्येत शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्याच्या हेतूचा उल्लेख येतो. आपल्याकडे मात्र त्या कलमासाठी केंद्र सरकारने वस्तू अधिसूचित करावी लागते. दोन्हीकडे निर्णायक शब्द एकच आहे, तो म्हणजे हेतू. वस्तूत काय आहे यापेक्षा ती कशासाठी आहे, यावर तिची जात ठरते. आणि वस्तूचा हेतू कळतो तो प्रामुख्याने तिच्याविषयी जे बोलले जाते त्यावरून.

म्हणजे औषध आणि प्रसाधन यांच्यामधील सीमारेषा भाषेतून जाते. हे कळल्यावर आम्ही चपापलो.

२०१२ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॉन्कोम या कंपनीला इशारापत्र पाठवले. जनुकांची क्रिया वाढते, मूळपेशींच्या आसपासची स्थिती सुधारते, अशा आशयाचे दावे त्यांच्या क्रीमच्या प्रसिद्धीत होते. हे दावे शरीराची रचना बदलण्याचे आहेत, सबब ही औषधे ठरतात, असे पत्राचे म्हणणे होते. बाटलीतील द्रव्यावर त्या पत्राचा रोख नव्हता, रोख होता वाक्यांवर. त्याच देशात १९४० च्या दशकात वारेचा अर्क सुरकुत्यांवर विकला जात होता. प्रशासनाने त्यालाही औषध आणि दिशाभूल ठरवले. मग उत्पादकांनी अर्कातील संप्रेरके काढून टाकली, वैद्यकीय दावेही काढून टाकले आणि अर्क विकणे चालू ठेवले. वाक्य गेले, पण 'वार' हा शब्द राहिला, आणि काम शब्दच करत होता.

आपल्या काव्यशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. 'गंगेवर गवळ्यांची वाडी' हे उदाहरण आपण सर्वांनी फळ्यावर लिहिले आहे. वाडी प्रवाहावर नसते, काठावर असते, ही लक्षणा. पण काठ न म्हणता गंगाच म्हटल्याने वाडीला जी शीतलता आणि पावनता मिळते, ती व्यंजना. 'मूळपेशी' हा शब्द बाटलीवर असाच बसतो. अभिधेने तो एका पेशीचे नाव सांगतो. व्यंजनेने तो सांगतो की तुम्ही पुन्हा मुळाशी जाल, वय मागे फिरेल. हे दुसरे वाक्य कुणी उच्चारलेले नसते. म्हणून ते खोटे आहे असे कुणाला सिद्धही करता येत नाही.

आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांत असा एक नियम आहे की प्रसाधनाने ग्राहकाच्या मनात खोटी किंवा दिशाभूल करणारी कल्पना निर्माण करू नये. नियमकर्त्यांनी केवळ विधान न म्हणता कल्पना म्हटले आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. म्हणजे निदान कागदावर तरी व्यंजनेची जबाबदारी मान्य झाली आहे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार पेशींपासून किंवा मूळपेशींपासून मिळवलेले उत्पादन नेहमीच 'नवीन औषध' मानले जाते, म्हणजे त्याला पूर्ण परीक्षा द्यावी लागते. पण तिथेही अट आहेच: औषध म्हणून वापरण्याचा हेतू असेल तर. हेतू फक्त सौंदर्याचा आहे असे म्हटले की त्या दारातून बाहेर पडण्याचा प्रयत्न करता येतो.

शब्दांचे भान ठेवल्याचे एक चांगले उदाहरणही आपल्याकडे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ साली मूळपेशींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांच्या शीर्षकात संशोधन आणि उपचार असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत उपचार हा शब्द शीर्षकातून काढून टाकला. जो उपचार अजून सिद्ध नाही, त्याचे नावही उच्चारल्याने तो असल्याचा भास होतो, हे त्या समितीला कळले. मराठी विभागात बसून आम्हाला ते कळले नव्हते.

इतर देशांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. युरोपीय संघाने भाषेच्या वादात न पडता वस्तूच बाद केली. २००९ च्या त्यांच्या प्रसाधन नियमावलीत, जी २०१३ पासून पूर्णपणे लागू झाली, निषिद्ध पदार्थांच्या यादीत ४१६ क्रमांकावर मानवी मूळ असलेल्या पेशी, ऊती आणि त्यांची उत्पादने आहेत. दक्षिण कोरियाने मधली वाट काढली: पेशी आणि ऊती निषिद्ध, पण पेशी वाढवलेला द्रव चालेल, मात्र दात्याच्या तपासण्या, उत्पादनाची स्वच्छता आणि सुरक्षाचाचण्या यांचे ठरलेले निकष पाळून. अमेरिकेत अशी सरसकट बंदी नाही. तिथे २०२२ च्या अखेरीस संमत झालेल्या कायद्याने उत्पादकांवर नोंदणीचे, सुरक्षिततेचा पुरावा बाळगण्याचे आणि गंभीर दुष्परिणाम कळवण्याचे बंधन प्रथमच घातले.

४

या साऱ्यात ताईंचा प्रश्न तसाच राहतो. कुणाच्या पेशी?

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात एक शहाणपण आहे, मोठेपणाला जन्माची अट घालू नये असे. पण बाजाराने ही म्हण आपल्या सोयीने पाठ केली आहे. 'मूळ' शब्दाचा जयघोष करणारी ही बाटली स्वतःच्या मुळाविषयी काहीच सांगत नाही. कुणा स्त्रीने चरबी काढून घेतली, कुणी बाळंतीण झाली, तिची नाळ कचऱ्यात न जाता प्रयोगशाळेत गेली. तिला विचारले होते का? संशोधनासाठी म्हणून विचारले आणि वापर विक्रीसाठी झाला, असे तर नाही? १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ साली. बहात्तर वर्षांनी.

आपल्याकडे नाळ पुरतात. जिथे नाळ पुरली ती आपली भूमी, असे आपण म्हणतो. ज्या समाजाने शरीराच्या या तुकड्याला गावाशी असलेल्या नात्याचे नाव दिले, त्याच समाजात तो निनावी कच्चा माल होतो आणि त्याची आम्हाला खंतही वाटत नाही, याचे कारण आमच्यासारख्यांनी त्याला 'सत्त्व' म्हणून दिलेले असते.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की हानी सिद्ध झालेली नसताना भीती पसरवणे योग्य नाही. तो आम्हाला मान्य आहे. नीट तपासलेल्या दात्याच्या पेशींपासून काटेकोरपणे तयार केलेला द्रव धडधाकट त्वचेवर लावल्याने मोठे संकट ओढवेल, असे आम्ही म्हणत नाही. पण सुरक्षिततेचा पुरावा देण्याचे ओझे विकणाऱ्यावर असते, विकत घेणाऱ्यावर नसते. दुसरा आक्षेप, की साहित्याच्या माणसांनी यात का पडावे? आम्ही आधीच पडलो होतो, शब्द पुरवून. त्याची जबाबदारी टाळता येत नाही.

आमचे म्हणणे थोडके आहे. घटक माणसापासून आला असेल तर ते वेष्टनावर मराठीत, साध्या शब्दांत लिहिलेले असावे. दात्याच्या संमतीची आणि तपासणीची नोंद मागितल्यावर दाखवता आली पाहिजे. प्रसाधनांत काय वापरू नये याच्या याद्या भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४७०७ या मानकात असतात. त्या ग्राहकाला त्याच्या भाषेत वाचायला मिळाव्यात. आणि सुईबरोबर वापरायच्या कोणत्याही द्रव्याला प्रसाधनाच्या सवलती मिळू नयेत. ज्याला औषधासारखे बोलायचे आहे त्याने औषधाची परीक्षा द्यावी.

आम्ही त्या विद्यार्थिनीला फोन करून शब्द बदलायला सांगितला. 'मानवी चरबीतील पेशी वाढवून गाळलेला द्रव' असे सुचवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हे कुणी विकत घेणार नाही." पुढच्या छपाईत आमचे 'सत्त्व' तसेच राहिले आहे.

या वर्षी ते पत्रक आम्ही वर्गात नेले. शीर्षकापासून शेवटच्या ओळीपर्यंत अभिधा कोणती, लक्षणा कोणती, व्यंजना कोणती, हे मुलांकडून काढून घेतले. 'सत्त्व' कुणी दिले, हेही सांगितले. ताईंना उत्तर मात्र अजून दिलेले नाही. त्यांनी ती बाटली घेतली नाही, एवढे समजले. पैसे जास्त होते म्हणून, असे त्या म्हणाल्या.